फर्मा यांच्या पाच संख्या

प्रतियोगी परीक्षांत हल्ली एक प्रश्न हमखास येतो: दिलेली माहिती उत्तरासाठी पर्याप्त आहे का? अंकमाला दिसली की आपण लगेच उत्तर लिहून मोकळे होतो. या घाईत फार मोठी माणसेही फसली आहेत. पिएर द फर्मा हे त्यांपैकीच.

दक्षिण फ्रान्समधील बोमों द लोमान्य या गावी, सतराव्या शतकाच्या आरंभी, चामड्याच्या एका सधन व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण कायद्याचे. सन १६३१ पासून ते तुलूझच्या न्यायालयात अधिकारी होते. गणित हा फावल्या वेळचा छंद. ग्रंथ छापण्याची हौस नव्हती. लागलेले शोध ते मित्रांना पत्राने कळवीत. (नोकरी सांभाळून एवढे काम! पालकांनीही नोंद घ्यावी.)

सन १६४० मध्ये त्यांनी पत्रातून एक माला मांडली: ३, ५, १७, २५७, ६५५३७. संख्येतून १ वजा करा, वर्ग करा, १ मिळवा, की पुढची संख्या तयार. नियम ठाऊक असल्याने सहावी संख्या काढायला माहिती पूर्ण आहे: ४२९४९६७२९७. पण प्रश्न वेगळा होता. या मालेतील सर्वच संख्या मूळसंख्या आहेत काय? पहिल्या पाच आहेत. म्हणून पुढच्याही असणारच, असे फर्मा यांनी मानले. सिद्धता हाती नसल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, तरी विश्वास मात्र पक्का होता.

सन १६६५ मध्ये कास्त्र येथे त्यांचे निधन झाले. पुढे सन १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे पंचवीस वर्षांच्या लिओनार्ड ऑयलर यांनी दाखविले की सहाव्या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो. भागाकार ६७००४१७. मुलांनी हा गुणाकार कॅल्क्युलेटरशिवाय जरूर करून पाहावा. मूळसंख्यांच्या यादीत ६४१ ही ११६ वी आहे, म्हणजे क्रमाने भाग देत गेले असते तर फर्मा यांनाही ती सापडली असती. गंमत पाहा, सर्व संख्या मूळ आहेत हे ठरवायला पाच उदाहरणे अपुरी पडली, आणि तसे नाही हे ठरवायला एकच पुरले.

त्या पाचांनंतर या मालेत आजवर एकही मूळसंख्या सापडलेली नाही. आता पुष्कळ गणितज्ञांचा कयास उलटा आहे की यापुढे ती मिळणारच नाही. तेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही.