हिमयुगाचा हिशेब मांडणारे अर्‍हेनिअस

आम्ल-आम्लारींच्या धड्यात स्वांते अर्‍हेनिअस हे नाव आपल्यापैकी अनेकांनी पाठ केले असेल. त्या धड्यात नसलेले त्यांचे एक वर्ष मला अधिक मोलाचे वाटते.

१८५९ साली स्वीडनमध्ये, उप्सालाजवळ त्यांचा जन्म झाला. १८८४ मधला त्यांचा प्रबंध परीक्षकांना पटला नाही. खालच्या दर्जात कसाबसा उत्तीर्ण झाला. त्याच विषयातील कामाला १९०३ साली नोबेल मिळाले. ते मिळवणारे ते पहिले स्वीडिश.

१८९४ च्या नाताळात मात्र स्टॉकहोममध्ये ते वेगळ्याच गणिताला बसले. हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला तर हिमयुग येईल का? अमेरिकेच्या लँगली यांनी मोजलेली चंद्राच्या उष्णतेची आकडेवारी हाताशी होती. बाकी सारे कागद-पेन्सिलीवर, वर्षभर. त्याच काळात त्यांचा संसार मोडला आणि तान्हा मुलगाही आईकडेच राहिला.

गणितातली मेख अशी. हवा थोडी तापली की तिच्यात बाष्प अधिक मावते. बाष्पही उष्णता अडवते, म्हणून हवा आणखी तापते. त्यामुळे उत्तर आले की बाष्प वाढवून पुन्हा तेच गणित करायचे. बर्फाचेही तसेच. पांढरे बर्फ ऊन परतवते. ते वितळले की खालची काळी जमीन ऊन शोषते. व्याजावर व्याज चढावे तसे हे. याला आज ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ म्हणतात. नाव पॉझिटिव्ह असले तरी त्यात शुभ काही नाही. मग पृथ्वी तापतच का जात नाही? कारण तापलेली वस्तू उष्णता बाहेरही जास्त टाकते, आणि तीही निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. हा लगाम म्हणजे ‘निगेटिव्ह फीडबॅक’.

१८९६ मध्ये उत्तर छापले गेले: वायू निम्मा झाला तर ४-५ अंश गारवा, दुप्पट झाला तर ५-६ अंश वाढ. आजचा अंदाज दुपटीला सुमारे ३ अंशांचा आहे. हाताने केलेल्या हिशेबाला ही चूक मी तरी लहानच म्हणेन.

वाढत्या उबेची त्यांना भीती वाटली नाही. स्वीडनच्या थंडीत वाढलेल्या माणसाला ती का वाटावी? शिवाय त्या काळचा कोळशाचा खप पाहता एवढा वायू साठायला हजारो वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज होता. १९२७ साली ते गेले. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते; आज ४२० च्या वर आहेत.