कॅमेऱ्यातील जादूगार

दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकेत माणूस क्षणात अदृश्य होतो किंवा आकाशात झेपावतो, तेव्हा त्यामागे संगणक राबत असतो. हेच चमत्कार हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर करून दाखविणारा दिग्दर्शक नाशिक जिल्ह्याचा होता. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून वंदन करतो. त्यांच्यातील तंत्रज्ञ मात्र पौराणिक पोशाखाआड झाकला गेला.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईचे जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले. छायाचित्रण व मुद्रण हे व्यवसायही केले. पण पुढे खरी कामी आली ती जादू. आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोग करीत.

१९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, पण भांडवल द्यायला कोणी धजेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट टिपली. महिनाभराहून अधिक काळची वाढ पडद्यावर क्षणार्धात उलगडली! सावकाराला पटवण्यासाठी केलेला हा प्रयोग म्हणजे अस्सल विज्ञानपटच होता. तरीही पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. रात्री जागून फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही त्या माउलीने केले.

३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि फाळके नाशिकला स्थिरावले. 'लंकादहन'मध्ये (१९१७) हनुमान उडाला. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये (१९१८) कंसाचे शिर धडावेगळे होऊन पुन्हा जागेवर येते. 'कालियामर्दन'मध्ये (१९१९) कन्या मंदाकिनी बाळकृष्ण होऊन पाण्याखाली सर्पाशी झुंजली. कॅमेरा थांबवणे, फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण करणे, प्रतिकृती वापरणे एवढ्याच साधनांचा हा खेळ. प्रेक्षक हात जोडीत, हा भाग निराळा.

१९१४ मध्ये लंडनकरांनी त्यांचे चित्रपट पाहून तेथेच काम करण्याचे निमंत्रण दिले होते. ते त्यांनी नाकारले. मायदेशी मात्र हिंदुस्थान फिल्म कंपनीतील भागीदारांशी मतभेद झाले, मन विटले, काशीला जाऊन 'रंगभूमी' नाटक लिहून झाले. परतले खरे, पण पुढे बोलपट आला आणि मूकपटातील हुकमत निरुपयोगी ठरली. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक चित्रपट कायमचे नष्ट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी विखुरलेले तुकडे जुळवून 'कालियामर्दन' वाचविला. आज देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही मोबाइलवर तो पाहता येतो. प्रारंभी साध्या वेशातील मंदाकिनी एकेक भाव दाखवते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो.