पाटी-पेन्सिलीपेक्षा कानस बरी : जॉन ब्राउनिंग

वर्कशॉपमध्ये फिटिंगचा एक जॉब पूर्ण करताना आपल्या नाकी नऊ येतात. इथे तर कॉलेजची पायरीही न चढलेला एक माणूस १२८ पेटंटचा धनी झाला!

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावी. वडील बंदुका बनवायचे. दुकानातल्या भंगारातून या पोराने लहानपणीच बंदूक तयार केली. १८७९ मध्ये पहिलं पेटंट मिळालं. ड्रॉइंग काढत बसण्यापेक्षा भावांना घेऊन थेट मॉडेलच बनवायचं, ही त्यांची पद्धत.

पुढे बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी त्यांनी खिशात मावणारी पिस्तुलं काढली. वरवर सगळी सारखीच वाटतात, पण स्प्रिंग कुठे आहे ते कळलं की झालं! १९०० च्या मॉडेलमध्ये स्प्रिंग नळीच्या वर, म्हणून तोंडाशी एकावर एक दोन नळ्या असल्यासारखं दिसतं. १९१० मध्ये ती नळीभोवतीच बसवली, म्हणून तोंड एकच आणि गोल. १९०६ चं पिस्तूल तर जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर! त्याच्या मुठीमागे सेफ्टीची पट्टी असते. ब्राउनिंग यांच्या मृत्यूनंतर आलेल्या ‘बेबी’ मॉडेलला ती नाही.

ही ओळख भल्याभल्यांची चुकली. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारणारं पिस्तूल १९०० चं, असं कित्येक पुस्तकांत छापलं गेलं. प्रत्यक्षात ते १९१० चं होतं.

आपल्याकडेही ब्राउनिंग पोचलं होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कर्जत लोकलने आपण त्याच ठाण्यावरून कितीदा जातो!

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी, एफएनच्या कारखान्यातच, नव्या पिस्तुलावर काम चालू असताना ब्राउनिंग गेले. त्यांच्या यंत्राने नाशिकमध्ये एक इतिहास घडवला आणि सारायेव्होत महायुद्धाला निमित्त दिलं. डिझाइन आपल्या हातात असतं, पण ते पुढे कुणाच्या हातात जाईल हे आपल्या हातात नसतं. व्हायव्हात हा प्रश्न कुणी विचारणार नाही, पण इंजिनिअर होताना स्वतःला विचारायलाच हवा, नाही का?