उमेदीची वर्षे विरोधात, अखेरची तेवीस महिने कृषी खात्यात

विदर्भातील शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सरकारला धारेवर धरण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या पांडुरंग फुंडकर यांच्या हाती कृषी खाते आले तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी गाठली होती. बुलडाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात २१ ऑगस्ट १९५० रोजी जन्मलेले फुंडकर 'भाऊसाहेब' म्हणूनच ओळखले जात. कापसाची जुनी बाजारपेठ असलेले खामगाव ही त्यांची कर्मभूमी.

जनसंघाच्या मुशीतून घडलेले फुंडकर १९७८ मध्ये जनता पक्षातर्फे खामगावचे आमदार झाले. दोन वर्षांनी, नवजात भारतीय जनता पक्षाचे मोजकेच उमेदवार निवडून आले असता, त्यांनी ही जागा राखली. पुढे १९८९, १९९१ आणि १९९६ अशा सलग तीन निवडणुकांत अकोल्याचे खासदार म्हणून ते दिल्लीत गेले. परिणामी १९९५ मध्ये राज्यात युतीची सत्ता आली तेव्हा ते मुंबईच्या मंत्रिमंडळापासून दूरच राहिले. १९९८ मध्ये अकोल्याची जागा प्रकाश आंबेडकर यांच्याकडे गेली. पक्षाचे प्रदेशाध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

त्यांच्या कारकिर्दीतील भरीव पर्व २००५ ते २०११ चे. या काळात ते विधान परिषदेत विरोधी पक्षनेते होते. पश्चिम विदर्भात शेतकरी आत्महत्यांचे सत्र सुरू होते. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले. त्यात बुलडाणाही होता. पॅकेज, कर्जमाफी, कापसाचा भाव या प्रश्नांवर सभागृहात सरकारला जाब विचारण्याचे काम त्यांच्या पदाकडे होते.

२०१४ मध्ये भाजप सत्तेवर आला, परंतु पहिल्या मंत्रिमंडळात ज्येष्ठ फुंडकरांना स्थान नव्हते. जून २०१६ मध्ये एकनाथ खडसे यांनी राजीनामा दिल्यानंतर, ८ जुलैच्या विस्तारात कृषी व फलोत्पादन खाते त्यांच्याकडे आले. पद उशिरा मिळाले आणि मिळाले तेही काट्यांचे.

१ जून २०१७ रोजी शेतकरी संपावर गेले. पुणतांब्यातून उठलेल्या या हाकेने शहरांचा दूध-भाजीपाला रोखला. आंदोलकांशी बोलणी करणाऱ्या मंत्रिगटात फुंडकर होते. आयुष्यभर ज्या बाजूने बोलले, तिच्यासमोर आता त्यांना सरकारची बाजू मांडायची होती. त्याच महिन्यात ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. तोच यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. कीटकनाशकांच्या विक्रीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा कृषी खात्याचीच, त्यामुळे टीकेचा रोख मंत्र्यांवर येणे अटळ होते, आणि तो अनाठायीही नव्हता. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे उभे पीक पोखरले.

३१ मे २०१८ रोजी पहाटे मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पालघर आणि भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकांचे निकाल त्याच दिवशी लागत होते.

त्याच वर्षी राज्य सरकारने भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली. रोजगार हमीच्या फळबाग योजनेत न बसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ती आहे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. पुढचे हप्ते रोपे जगली तरच.