स्टीफन हिस्लॉप : शिकवायला आलेले आणि ऐकून घेणारे



नागपूरचं हिस्लॉप कॉलेज तुम्ही ऐकून असाल. पण ज्यांच्या नावानं ते आहे, त्यांनी ते कधी पाहिलंच नाही. कॉलेज १८८३ साली सुरू झालं आणि रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप वारले १८६३ मध्ये. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांत तर त्यांचं नाव कुणी घेत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स या लहान गावी झाला. फ्री चर्चचे पाद्री म्हणून ते १८४५ च्या सुरुवातीला नागपूरला आले. तेव्हा तिथं भोसल्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता, ते लपवायचं कारण नाही. एका विद्यार्थ्याच्या धर्मांतरावरून शहरात मोठा वादही झाला. तरी शाळा टिकली.

हिस्लॉप यांना दगडांचा भारी नाद. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीला काळ्या खडकांच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं, बिया यांचे जीवाश्म शोधले. म्हणजे लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात तिथं तळी होती, झाडं होती! परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना एवढं सांगून बघा, पुढचे प्रश्न तीच विचारतील.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मांगलीला या दोघांना एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन छापलं. हे तेच ओवेन, ज्यांनी डायनासोर हा शब्द तयार केला. त्या प्राण्याचं नाव ब्रॅकिऑप्स. सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी असलेल्या कोटा गावच्या जीवाश्मांचाही हिस्लॉप यांनी विचार केला होता. आज सिरोंचा तालुक्यातच वडधमचं जीवाश्म उद्यान आहे. सहल न्यायची असेल तर लक्षात ठेवा.

पण मला हिस्लॉप आवडतात ते वेगळ्याच कारणासाठी. गोंड लोकांना उपदेश करायचा तर त्यांची भाषा यायला हवी, म्हणून ते गोंडीकडे वळले. आणि मग ते ऐकतच गेले. गोंडांचे गायक-पुरोहित म्हणजे परधान. अशा एका परधानाकडून त्यांनी लिंगोची लांबलचक कथा उतरवून घेतली. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो कसा सोडवतो, त्यांना रीतभात कशी लावून देतो, ते सगळं त्यात आहे. नुसता सारांश करून त्यांनी भागवलं नाही. मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे लिहिले, सोबत इंग्रजी अर्थ दिला. सांगणाऱ्या परधानाचं नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट मला खटकते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून आणि वाटेत बोरीची शाळा तपासून हिस्लॉप घोड्यावरून परत निघाले. नाल्याला पूर आला होता. घोडा तेवढा मुक्कामाला पोचला. हिस्लॉप बुडाले होते. शेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्यांच्या कागदांचं पुस्तक अजून झालंच नव्हतं. मध्य प्रांताचे तेव्हाचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ते जुळवून १८६६ मध्ये छापले, म्हणून लिंगोची ती कथा वाचली.

मागच्या वर्षी मी चौथीच्या वर्गात ही कथा मराठीत सांगत होते. एरवी तोंडही न उघडणारी एक मुलगी मध्येच उठली. तिची आजी असं सांगत नाही, असं तिचं म्हणणं. खरं सांगते, आधी मी तिला खाली बसवणारच होते, पाठ पूर्ण करायचा होता ना! मग हिस्लॉप आठवले. तिला म्हटलं, आजीला घेऊन ये.

आजी दुसऱ्या दिवशी आल्या. गोष्ट गोंडीतच सुरू झाली आणि मध्यान्ह भोजनाची घंटा झाली तरी चालू होती. मी वहीत लिहून घेत होते. अर्धे शब्द मला कळत नव्हते, ते ती मुलगी माझ्या शेजारी बसून सांगत होती.