रुम्माना हुसेन

रुम्माना हुसेन (जन्म : बंगळूर, १९५२, मृत्यू : १९९९) या भारतीय चित्रकार व मांडणशिल्पकार होत्या. मुंबई ही त्यांची कर्मभूमी. तैलरंग बाजूला ठेवून त्यांनी मडक्याची खापरे, आरसे, गेरू, नीळ, पपई, घुंगरू आणि गंजलेली लोखंडी अवजारे अशा नित्याच्या वस्तूंतून कलाकृती घडवल्या. संकल्पनात्मक कला आणि कलावंताच्या देहाद्वारे होणारी सादरीकरण-कला भारतात रुजवणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. या माध्यमांत त्यांना जेमतेम ६-७ वर्षे मिळाली, आणि त्यांतील बरीचशी आजारपणात गेली.

कुटुंब व शिक्षण

रुम्माना यांचे घराणे लखनौच्या परिसरातील आणि सार्वजनिक जीवनात मुरलेले होते. वडील मेजर जनरल इनायत हबीबुल्ला हे पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे पहिले कमांडंट. आई हमीदा हबीबुल्ला उत्तर प्रदेशात मंत्री आणि पुढे राज्यसभेच्या सदस्य होत्या. प्रशासकीय सेवेतील अधिकारी व देशाचे पहिले मुख्य माहिती आयुक्त वजाहत हबीबुल्ला हे त्यांचे बंधू. कलेचे शिक्षण त्यांनी इंग्लंडमधील रेव्हन्सबोर्न कला महाविद्यालयात घेतले. १९८०च्या दशकातील त्यांची चित्रे मानवाकृतिप्रधान आणि रूपकात्मक आहेत. ती चांगली असली, तरी केवळ त्यांच्या बळावर हे नाव आज घेतले गेले असते असे म्हणता येत नाही.

१९९२ नंतरचे वळण

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली. त्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशा दोन टप्प्यांत मुंबईत दंगली झाल्या; त्यांत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. हुसेन कुटुंबालाही काही काळ राहते घर सोडावे लागले. उदारमतवादी, इंग्रजी शिकलेल्या, धर्माची ओळख मिरवण्याची गरज कधी न भासलेल्या या स्त्रीला आपले नावच आपला धोका ठरू शकते, याचा अनुभव त्या दिवसांत आला. पुढील सर्व कामाचे मूळ याच अनुभवात आहे.

त्यानंतर त्यांनी कॅनव्हास जवळजवळ सोडला. १९९३-९४मधील कलाकृतींत भाजक्या मातीची फुटलेली मडकी आहेत. अर्धे मडके आरशावर पालथे ठेवले की ते घुमटासारखे दिसते, आणि आरशातील प्रतिबिंबामुळे गोल पुरा झाल्याचा भास होतो. मात्र तो भासच असतो. पाहणारा जरा बाजूला सरकला की भंगलेली कड उघडी पडते. मडके, त्यातून घुमट आणि त्यातून स्त्रीचे उदर असा अर्थाचा प्रवास यात होतो, आणि तोही एकही शब्द न लिहिता. सोबत गेरू असे. खेड्यात घराच्या भिंती आणि तुळशीवृंदावन सारवणाऱ्यांना हा रंग निराळा ओळखून द्यावा लागत नाही. येथे मात्र तो एकाच वेळी माती आणि वाळलेले रक्त वाटतो.

त्या काळात मुंबई-दिल्लीचे इतर कलावंतही चौकटीबाहेर पडत होते. विवान सुंदरम् यांनी दंगलीतील एका वृत्तपत्रीय छायाचित्रावरून १९९३ साली ‘मेमोरिअल’ हे मांडणशिल्प उभारले. सफदर हाश्मी यांच्या हत्येनंतर १९८९ साली स्थापन झालेल्या ‘सहमत’ या संस्थेच्या कार्यात रुम्माना यांचा सहभाग होता.

पपई आणि कमान

१९९५ साली मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या आवारात त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ हे सादरीकरण केले. पायांत घुंगरू, हातांत उभी चिरलेली पपई आणि तोंड पूर्ण उघडे, पण आवाज नाही. अशा अवस्थेत त्या अंगणातून संथपणे चालत राहिल्या. घुंगरांचा नाद आणि न फुटलेली किंकाळी यांतील विरोधातच या कामाचे बळ आहे. चिरलेल्या पपईत बिया, गर्भ आणि जखम एकत्र दिसतात, शिवाय तिची कड मशिदीच्या कमानीशी जुळते. स्वयंपाकघरात रोज हाताळल्या जाणाऱ्या फळात इतके अर्थ साठवलेले असतील, हे आधी कोणी असे दाखवले नव्हते.

१९९६ साली जहांगीर कलादालनाच्या इमारतीतील तेव्हाच्या गॅलरी केमोल्डमध्ये ‘होम/नेशन’ हे मांडणशिल्प झाले. अयोध्येतील दारे व कमानी, उघडे तोंड आणि अर्धी पपई यांची छायाचित्रे येथे शेजारी-शेजारी होती. घरगुती चीजवस्तू प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्यांत, पोलीस पंचनाम्यात मुद्देमाल ठेवावा तशा ठेवल्या होत्या. घर आणि राष्ट्र या दोन शब्दांमधील तिरकी रेघ जोडते की तोडते, हे प्रेक्षकावर सोपवलेले होते.

‘द टूम ऑफ बेगम हजरत महल’ (१९९७) या कृतीत त्या लखनौकडे वळल्या. वाजिद अली शाह यांची पत्नी असलेल्या हजरत महल यांनी १८५७च्या उठावात लखनौचे नेतृत्व केले, पराभवानंतर नेपाळचा आश्रय घेतला आणि १८७९ साली काठमांडू येथे त्यांचे निधन झाले. रुम्माना यांनी या बेगमेची कबर संगमरवराची केली नाही. अर्ध्या पपयांचे आकार आणि तांदूळ जमिनीवर मांडून ती रचली. झाशीच्या राणीइतके पुतळे ज्या स्त्रीच्या वाट्याला आले नाहीत, तिला मिळालेले हे स्मारक होते. १९९८ साली न्यूयॉर्कमधील वास्तव्यात त्या घुंगरू बांधून तेथील एका पुलावरून चालत गेल्या. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे.

आजार आणि अखेरचे काम

याच वर्षांत त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. ‘इज इट व्हॉट यू थिंक?’ (१९९८) या सादरीकरणात त्यांनी बुरख्यामागील स्त्रीविषयीची प्रश्नमालिका वाचली आणि त्याच बुरख्याआड शस्त्रक्रियेने बदललेले आपले शरीर प्रेक्षकांसमोर ठेवले. मुस्लिम स्त्री म्हणजे काय, याची तयार उत्तरे घेऊन आलेल्यांना हे पाहणे सोपे नव्हते. त्यांच्या सर्व कामांत धाडस आहे; हे मात्र सर्वांत उघडेवाघडे आहे.

‘अ स्पेस फॉर हीलिंग’ (१९९९) हे त्यांचे अखेरचे मांडणशिल्प. एक पूर्ण खोली. तीत सोनेरी रंग, कापड, प्लॅस्टिकच्या वस्तू, रुग्णाला वाहून नेणाऱ्या डोलीसारख्या रचना. भिंतीवर टांगलेली गंजकी अवजारे दुरून फारसी लिपीतील ओळींसारखी दिसतात. दर्गा, मशीद आणि रुग्णालय यांची सीमा येथे पुसली जाते. ब्रिस्बेन येथील तिसऱ्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनासाठी ते तयार झाले होते, परंतु प्रदर्शन खुले होण्यापूर्वीच रुम्माना यांचे निधन झाले.

कलाकृतींची स्थिती

‘अ स्पेस फॉर हीलिंग’ ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे. सादरीकरणे मात्र छायाचित्रे आणि चित्रफितींच्या रूपानेच शिल्लक आहेत. पपई कुजते, गेरू झडतो. त्यामुळे त्यांची काही मांडणशिल्पे पुन्हा दाखवताना दरवेळी नव्याने मांडावी लागतात.