बाळू पालवणकर : एका दुराव्याचा इतिहास

दोन भावांत वाद पेटला की गाव दोघांनाही नावे ठेवते. ज्याने मुळात बांध सरकवला तो तिसरा मात्र नामानिराळा राहतो. क्रिकेटपटू बाळू पालवणकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यातील दुराव्याचा विचार करताना या तिसऱ्यास विसरून चालणार नाही.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास चांभार कुटुंबात झाला. पुण्यातील गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरविण्याचे काम त्यांस मिळाले. सरावासाठी साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. साहेबांच्या संघास हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे उमगल्यावर सवर्ण हिंदूंनी त्यांस संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत असे; चहाच्या वेळी मात्र त्यांची जागा बाहेर आणि पेला वेगळा. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरविले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. तरीही कर्णधारपद त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नामांकित खेळाडू. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ बंधूंनी संघाबाहेर राहणे पत्करले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. सख्ख्या भावांचे घर असे अभंग राहिले. फूट पडली ती दलित समाजाच्या मोठ्या घरात.

बाळूंहून सुमारे पंधरा वर्षांनी लहान असलेल्या आंबेडकरांना तरुणपणी या खेळाडूचा मोठा अभिमान वाटे. पुढे मार्ग वेगळे झाले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू आंबेडकरांच्या विरोधात गेले. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत, पण मने जुळली नाहीत. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर दोन हजारांचे. पण ज्यांचा अपमान एकच होता, त्यांची मते दुभंगली.

यात बाळूंना फितूर ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांनी भिंतीला तडा जाताना पाहिला होता. धाकटा भाऊ सवर्णांचे नेतृत्व करताना पाहिला होता. हृदयपरिवर्तनावर त्यांचा विश्वास बसला, यात नवल नाही. परंतु आंबेडकरांचा प्रश्न अधिक खोल होता. एका कर्णधारपदासाठी असामान्य गुण आणि जवळजवळ दोन दशके लागत असतील, तर ज्याला चेंडू वळविता येत नाही त्या सामान्य माणसाने माणुसकीची वाट किती काळ पाहावी? हक्क हे कर्तबगारीचे बक्षीस नव्हे, या त्यांच्या निष्कर्षास उत्तर नव्हते. आणि या दोघांना परस्परांसमोर उभे करणारा खरा अपराधी होता तो वेगळा ठेवलेला पेला.

बाळू १९५५ च्या जुलैत निवर्तले; पुढल्या वर्षी बाबासाहेब गेले. वडवणीसारख्या तालुक्याच्या गावातही आज मुले क्रिकेट खेळतात. शिक्षकांनी त्यांस बाळूंचे बळी जरूर सांगावेत. पण त्या पेल्याची हकिकत आधी सांगावी. कोण चांगला खेळतो हे मुलांना कळतेच. कोणास बाहेर बसविले जात आहे, हे ओळखावयास मात्र शिकवावे लागते.